गुरगुऱ्याची तपासणी

सोमवार, ता. ३ मार्च

चि. ठिणगीस आजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आधी जिन्यात एक खोकं वर चढताना दिसलं, मग खोक्याखाली तुझ्या बाबांचे पाय, आणि मागून तुझी आई, तोंडावर ते हसू घेऊन. ते हसू मी चांगलं ओळखते. लहानपणी बरणी फोडली की ती असंच हसत स्वयंपाकघरातून बाहेर यायची. काल रविवारी न कळवता आले, तीन मजले चढून आले, आणि आल्या आल्या तुझ्या आईने माझ्या गुडघ्याची चौकशी केली नाही. एरवी दारातच सुरू होते. तिथेच मला वाटलं, काहीतरी शिजतंय.

खोक्यातून निघालं एअर फ्रायर. काळं, टोपलीएवढं, पुढे एक खण आणि वर दोन चकत्या, एक गरमीची आणि एक मिनिटांची. तेलाशिवाय तळतं म्हणे. तुझी आई म्हणाली, लाँड्रीत तिच्यासोबत इस्त्री करणाऱ्या बाईने ते हौसेने घेतलं आणि आता वापरत नाही, म्हणून महिनाभर मागून आणलं. रोजच्या स्वयंपाकाला असलं घ्यावं की नाही हे तिला ठरवायचंय, पण स्वतःला वेळ नाही, तर तू वापरून बघ आणि खरं मत सांग. ठिणगे, मी चौथीतून शाळा सोडलेली बाई. मला मत कोणी विचारत नाही, माझ्या लग्नातसुद्धा विचारलं नव्हतं. त्यामुळे मी एवढी खूष झाले की चहात दोनदा साखर घातली. पण साखर ढवळताना मनात पाल चुकचुकली. जिने घराचे पडदे घेताना मला विचारलं नाही, ती भांडं घेताना विचारते?

आता पुढचं ऐक. मी म्हटलं, ठेवा ओट्यावर, शेगडीशेजारी. तर तुझे बाबा म्हणतात तिथला प्लग ढिला आहे. डेपोत अख्ख्या बसच्या वायरी जोडणारा माणूस, त्याला एक प्लग घट्ट करता येत नाही. त्यांनी ते नेऊन ठेवलं बाहेरच्या खोलीत, आबांच्या कामाच्या बाकावर, त्यांच्या पितळी तराजूला खेटून. सोबत भाजू नये म्हणून जाड हातमोजे दिलेत, ते एवढे मोठे की एकात माझे दोन्ही हात जातात. आणि निघताना सांगितलं की मशीन परत न्यायला गुरुवारी, ता. ३ एप्रिलला, सकाळी आठला येतो. महिन्यानंतरचा वार आणि तास आत्ताच कसा ठरला? तुझ्या बाबांची सुट्टी तर रविवारी असते. मी विचारलं तर त्यांना एकदम बुटाची नाडी बांधायची आठवली.

आज सकाळी पहिली परीक्षा घेतली. आपल्या घरात न तोलता काही होत नाही हे तुला ठाऊकच आहे. चाळीस वर्षं आबांनी दुकानदारांचे काटे दुरुस्त केले, आणि मी वाचायला शिकले तीच मुळात वजनांवरच्या आकड्यांवरून. बटाट्याचे काप केले, पुसले, तोलले. बरोबर अर्धा किलो. आत घातले, चकत्या फिरवल्या, तर ते कुत्र्यासारखं गुरगुरायला लागलं. मी त्याचं नाव गुरगुऱ्या ठेवलं. पंचवीस मिनिटांनी टिंग वाजली. काप काढले, पुन्हा तोलले. तीनशे दहा. ठिणगे, एकशे नव्वद ग्रॅम गेले कुठे? दोन ग्रॅमचा फरक आला तर आबा दुकानदाराला पुन्हा बोलवायचे. मी मशीन उलटं करून बघितलं, खाली भोक नाही, चोरकप्पा नाही. आबांना विचारलं तर ते म्हणाले, असेल काहीतरी, आणि पेपर वाचायला लागले. वजनात तूट आली आणि हा माणूस पेपर वाचतो.

गुडघ्याचं तेच आहे. हाडांचे डॉक्टर म्हणतात वाटी बदलून घ्या, नाहीतर वर्षभरात जिना विसरा. एकवीस दिवस घराबाहेर राहायला लागेल, आठवडा दवाखान्यात आणि दोन आठवडे तुझ्या आईकडे, कारण तिचं घर तळमजल्यावर. आबांना न्यावं तर तिथे खाट एकच रिकामी. मी सांगून टाकलं, नाही जमणार. यांना जेवायला कोण घालणार? मागच्या वर्षी कापऱ्या हाताने चहा करायला गेले आणि बाही पेटवून घेतली, तेव्हापासून गॅसचा लायटर माझ्या कमरेला असतो. बाहेरचं यांच्या पोटाला सोसत नाही. माझी बहीण आजारी होती तेव्हा मी दोन दिवस गेले, तर यांनी दोन दिवस बिस्किटं आणि पाणी. एकवीस दिवसांत माणूस उरेल का? तेव्हा तो विषय मिटला.

हे फोनवर सांगता येत नाही. फोन आला की आबा स्पीकर लावतात, आणि संशयाची गोष्ट मोठ्याने बोलायची नसते. तू चष्म्याच्या काचा घासतेस, तुला बारीक दिसतं. यात काय आहे ते बघून कळव. आजीवरची माया आहे तेवढीच राहू दे, जास्त नको, उतू जाते.

तुझी आजी

---

शनिवार, ता. ८ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एवढी हसले की शेजारच्या मशीनवरचे काका काच घासायची थांबवून बघायला लागले. त्यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, अशी बाई आमच्या तपासणी खात्यात पाहिजे.

आजी, गुरगुऱ्या चोर नाही. आत एक तापती तार आहे आणि एक पंखा. गरम हवा गरागरा फिरते आणि बटाट्यातलं पाणी उडवून नेते. तुझे एकशे नव्वद ग्रॅम वाफ होऊन खिडकीतून गेले. खात्री करायची तर तेवढेच काप कढईत तळ आणि तेही तोल. खण अर्ध्यापेक्षा जास्त भरू नकोस, हवा फिरायला जागा लागते. मधे एकदा हलवून घे. आणि ओलं पीठ लावलेलं काही घालू नकोस, ते जाळीतून खाली ठिबकेल आणि तू पुन्हा भोक शोधशील.

आईबाबांबद्दल काय सांगू. आई मत विचारते तर दे की मत. हातमोजे दुकानात एकाच मापाचे मिळत असतील.

इथे सगळं ठीक. मालकांनी स्वतःचाच चष्मा चुकीच्या नंबरचा घातला होता, तीन दिवस सगळ्यांना कामं वाकडी केली म्हणून ओरडत होते.

तू मंगळवारी आणि शुक्रवारी गुडघा शेकायला फिजिओबाईंकडे जातेस ना, ती वेळ किती ते किती? सहज विचारलं. आबांना नमस्कार. तुझा राग आणि तुझा लोभ, दोन्ही माझ्या वाट्याला असेच येत राहोत.

तुझी ठिणगी

---

बुधवार, ता. १२ मार्च

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

कढईत तळले आणि तोलले. अर्ध्या किलोचे तीनशे वीस भरले, आणि वर पन्नास ग्रॅम तेल गेलं ते वेगळंच. म्हणजे कढईसुद्धा चोरच निघाली, आणि मी तिला पन्नास वर्षं विश्वासाने वापरली. तुझं बरोबर, पाण्याचीच गोष्ट. गुरगुऱ्याची मनातल्या मनात माफी मागितली.

मत विचारलंय तर आता मी रोज काहीतरी घालून बघते. कालचा पाव आत चार मिनिटं ठेवला, आजचा झाला. शेंगदाणे छान भाजतात, फक्त आवाज असा की आत कोणी दार वाजवतंय. मासा बरा झाला, पण कातडी कढईसारखी होत नाही. भोपळा गोड लागला. तुझं न ऐकता पीठ लावलेला कांदाही घातला, आणि जाळी घासता घासता माझ्या नाकी नऊ आले. भात होत नाही, दूध तापत नाही, पातळ काहीच नाही. आणि एका वेळी आम्हा दोघांपुरतंच. तुझ्या आईकडे पाच तोंडं, तीनदा लावावं लागेल, शेवटच्या ताटावरचा माणूस भुकेने वेडा होईल. म्हणजे तुझ्या आईने घेण्यात अर्थ नाही. हे तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, असू दे गं, तू महिना पूर्ण कर. हे उत्तर आहे का? उत्तर मिळालं तरी प्रश्न विचारत राहणारं माणूस मला सरळ वाटत नाही.

पण हे सगळं राहू दे. खरी गोष्ट वेगळीच आहे. घरात बटाटे कमी होतायत.

मी टोपली तोलून ठेवते, सवय. शुक्रवारी फिजिओबाईंकडून आले, तर दोनशे ग्रॅम कमी. म्हटलं माझी चूक. काल मंगळवारी आले, पुन्हा दोनशे ग्रॅम कमी, आणि एक अंडंही. गुरगुऱ्याला हात लावला तर तो कोमट. आबा खुर्चीत डोळे मिटून, इतके गाढ झोपलेले की घोरायचंसुद्धा विसरले होते. मी विचारलं, मशीन गरम कसं? तर म्हणाले, ऊन पडलं असेल. ठिणगे, त्या भिंतीवर ऊन कधीच पडत नाही, या घरात मी पन्नास वर्षं कपडे वाळवतेय.

एक प्रश्न तुलाही आहे. मी किती ते किती जाते हे तू सहज विचारलंस. तू सहज काही विचारत नाहीस, लहानपणापासून. दहा ते बारा जाते. आता सांग, कशाला हवं होतं?

खालचा न्हावी म्हणाला की शुक्रवारी अकराला समोरची बेकरीवाली घाईघाईने आपला जिना चढून वर गेली, आणि अर्ध्या तासाने हसत खाली आली. बेकरीवाली साठीची आहे, केस रंगवते. आबा अठ्ठ्याहत्तर. मी काही म्हणत नाही. मी फक्त तुला कळवते. दोनशे ग्रॅम बटाटे एका माणसाला जास्त आणि दोघांना थोडे कमी होतात, एवढंच.

गुडघा काल जिन्यात मधेच अडकला, दुसऱ्या मजल्यावर पाच मिनिटं उभी होते, कठड्याला धरून. आबांना सांगितलं नाही. तू पण सांगू नकोस. पत्र लवकर पाठव, नाहीतर लोभ आटेल.

तुझी आजी

---

सोमवार, ता. १७ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बेकरीवाल्या काकू पाव द्यायला आल्या असतील. आबांवर संशय घेणं म्हणजे प्रमाण वजनावर संशय घेणं, असं तूच म्हणायचीस. अंडं कदाचित तूच खाल्लं असशील आणि विसरली असशील.

तुझी वेळ मी विचारली ती अशीच, फोन करायचा तर तू घरी असावीस म्हणून.

इथे एका गिऱ्हाइकाने चष्मा परत आणला, म्हणे यातून बायको म्हातारी दिसते. मालकांनी शांतपणे आधीचा जुना चष्मा त्याच्या डोळ्यावर चढवला आणि म्हणाले, मग हा घाला.

आजी, तो जिन्यातला प्रसंग वाचून आज दोन काचा बिघडवल्या. ऑपरेशनचं पुन्हा एकदा मनावर घेशील का? आबांच्या जेवणाचं काहीतरी होईल. काहीतरी नक्की होईल, एवढंच म्हणते. तुझी ओळ न ओळ मला हवी आहे, रागाचीही चालेल.

तुझी ठिणगी

---

शनिवार, ता. २२ मार्च

चि. ठिणगीस आशीर्वाद, वि. वि. या वेळी अनेक लिहिलेले नाहीत, बघितलंस ना.

तू माझ्या पत्राला उत्तर दिलंस, पण आबांनी मशीन चालवलं असेल का, हे एका शब्दाने लिहिलं नाहीस. ज्याला माहीत नसतं तो अंदाज बांधतो. तू अंदाजही बांधला नाहीस. म्हणजे तुला माहीत आहे. मी शाळेत कमी गेले, घरात पुष्कळ गेले.

मी सापळा लावला. काल शुक्रवारी निघताना गुरगुऱ्याच्या मुठीवर चिमूटभर पीठ भुरभुरलं. इतकं बारीक की कोणाला दिसू नये. परत आले तर मूठ आरशासारखी लखलखीत. पीठ तर नाहीच, परवाचा माझ्या बोटाचा तेलकट डागही नाही. आणि खण धुऊन, पुसून, पालथा घातलेला. चोर पुसतो, पण इतकं नाही पुसत. असं पुसणारा मी जगात एकच माणूस बघितलाय. तोलायच्या आधी तराजूच्या पारड्यांवरून तो कापड फिरवायचा, दोनदा उजवीकडून, एकदा डावीकडून, मग दुकानदार कितीही घाईत असो.

दुसरं म्हणजे वजनं. तराजूवर मी बटाटे तोलते आणि वजनं जशी हाताला येतील तशी ठेवते, याबद्दल पन्नास वर्षं बोलणी खाल्ली. काल बघते तर किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत सगळी उतरत्या रांगेत, आकडे समोर करून उभी. स्वतःच्या सवयीपुढे बिचारा हरला.

तिसरं, बाकामागे पडलेला बटाट्याचा एक तुकडा मिळाला. वाळलेला, पण चारही कडा पट्टीने आखल्यासारख्या. यांचा हात कापतो, चमचा धरला तर सूप सांडतं, मग असा तुकडा कापला कसा? मी बाकाचा खालचा खण उघडला. आत एक लाकडी चौकट, तिला काट्याच्या बारीक तारा सारख्या अंतरावर ताणून बसवलेल्या. बटाटा वरून दाबला की काप खाली. मी वास घेतला. बटाट्याचाच.

म्हणजे आबा माझ्या पाठीमागे स्वयंपाक करतात. हे मला कळलं. पण कोणासाठी आणि कशासाठी, ते कळत नाही, आणि मला ते बरं वाटत नाही. माझ्या हातचं नकोसं झालंय का? बेकरीवाली कालही आली होती, न्हाव्याने सांगितलं. रात्री जेवताना मी मुद्दाम म्हटलं की बेकरीवाली केस छान रंगवते हल्ली. तर आबा म्हणाले, कोणत्या रंगाचे? आता हा साधेपणा आहे की हुशारी, तूच सांग. पन्नास वर्षांत मला वजन कळलं त्यांचं, पण त्यांच्या मनात कुठे पाणी मुरतंय ते अजून दिसत नाही.

उलट टपाली खरं ते लिही, तरच आपली माया शाबूत.

आजी

---

रविवार, ता. २३ मार्च

चि. ठिणगीस अ. आ.

तुझी आजी आंघोळीला गेली आहे, तेवढ्यात लिहितो. अक्षर हलतं आहे, दोष हाताचा आहे.

तिला संशय आलेला आहे. वजनं रांगेत लावून ठेवली, ही माझी चूक. मूठ पुसली ही दुसरी.

आजवर सहा चाचण्या झाल्या. पहिल्या वेळी धूर झाला. धूर बघून समोरच्या बेकरीवाल्या बाई धावत आल्या. त्यांनी सांगितलं की थोडं तेल चोळावं आणि खण मधे हलवावा. तेव्हापासून पाच ग्रॅम तेल घेतो. बटाटा, अंडं, मासा जमलं. कोंबडीची तंगडी आतून कच्ची राहिली, फेकली नाही, पुन्हा लावली. मशीनला ज्योत नाही, काडी नाही, दोन चकत्या आणि टिंग. मला ते जमतं. चकतीवर माझा विश्वास आहे. भात आणि दूध बेकरीवाल्या बाईंच्या घरून येईल, तेवढं पोटाला सोसतं का ते दोनदा बघितलं, सोसलं.

दवाखान्यातली खाट तुझ्या आईने गुरुवार ता. ३ ची घेऊन ठेवली आहे, पण तुझ्या आजीला विचारायचं कोणी, हे अजून ठरलेलं नाही. तुझे बाबा म्हणतात आबांनी विचारावं. मी म्हणतो मुलीने. मुलगी म्हणते ठिणगीने. मागे एकदा ती जिन्यात अडकून उभी राहिली होती, मी वरून बघितलं. तिला वाटतं मला ठाऊक नाही.

बाकी तपासण्या पूर्ण करून, ती फिजिओबाईंकडे असताना तुझा फोन येतो तेव्हा कळवतो. तू नेहमी लिहितेस तशी लिहीत जा, मला तेवढं पुरतं.

आबा

---

रविवार, ता. ३० मार्च

चि. ठिणगीस आजीचे अनेक, अनेक आशीर्वाद, वि. वि. हिशेब मागच्या वेळचाही धरला आहे.

तुझं उत्तर आलं नाही, आणि आता नको. मला हवं होतं ते छोट्या वजनांच्या पेटीत मिळालं.

काल मिरी तोलायला पाच ग्रॅमचं वजन हवं होतं. ती पेटी तू लहानपणी खेळायला मागायचीस, आत निळं मखमल, प्रत्येक वजनाला आपापली खाच. पाच ग्रॅमची खाच रिकामी. यांच्या पेटीत खाच रिकामी म्हणजे तोंडातला दात गेल्यासारखं. वजन शेवटी तेलाच्या बाटलीशेजारी सापडलं, पण शोधताना मी मखमल उचललं, तर खाली चिठ्ठ्या. दुकानातल्या त्या जुन्या तपासणीच्या चिठ्ठ्या, ज्यावर ते काट्याचा नंबर, वजन, तूट आणि शेरा लिहायचे. आठ होत्या. अक्षर सगळं थरथरलेलं, पण रकाने सरळ.

तुला वाचून दाखवते. बटाटा दोनशे ग्रॅम, एकशे ऐंशी अंश, तीस मिनिटं, शेरा: जळाले. बटाटा दोनशे ग्रॅम, तेल पाच ग्रॅम, अठरा मिनिटं, शेरा: बरे, हिच्यासारखे नाही. अंडं एक, शेरा: घट्ट, हिच्यासारखे नाही. मासा, शेरा: चालेल, हिच्यासारखा नाही. तंगडी, शेरा: कच्ची, पुन्हा लावली, मग बरी, हिच्यासारखी नाही. भोपळा, शेरा: भोपळाच आहे. अशा सात. आणि आठव्या चिठ्ठीवर वस्तूच्या रकान्यात काहीच नाही, फक्त खाली लिहिलंय: पोट भरते. हिच्यासारखे नाही. एकवीस दिवस काढता येतील. आणि त्याखाली त्यांचा तो शिक्का, तपासले, योग्य. दुकान बंद केल्यावर तो शिक्का कुठे ठेवला ते मी कितीदा विचारलं होतं.

मी बाकावर बसले ती बराच वेळ बसले. मिरी तशीच राहिली.

आधी राग आला. तुझी आई, तुझे बाबा, तू, आबा, बेकरीवाली, सगळे एका बाजूला आणि मी एकटी मशीनचं मत लिहितेय. लाँड्रीतली बाई तरी खरी आहे का, तेही आता विचारणार नाही. मग हसू आलं. एवढा कट, आणि कोणासाठी, तर एका म्हाताऱ्या गुडघ्यासाठी. हातमोजे यांच्या मापाचे, मशीन यांच्या बाकावर, सगळं माझ्या डोळ्यांसमोर मांडून ठेवलेलं, आणि मी बेकरीवालीचे केस बघत बसले.

आणि मग भीती वाटली. हे मी कोणाला सांगितलं नाही, तुला लिहिते. आबांच्या जेवणाचं कारण खरं होतं, पण ते मला सोयीचंही होतं. मला त्या दवाखान्याची धास्ती आहे. भूल देतात, हाड कापतात, माझी बहीण गेली ती अशाच पांढऱ्या खाटेवर. कोणी विचारलं की मी म्हणायची, यांना कोण जेवायला घालणार, आणि समोरचा गप्प बसायचा. इतकं पक्कं कारण कुठे मिळतं? आता या माणसाने कापऱ्या हाताने, आठ चिठ्ठ्या लिहून, ते माझ्याकडून काढून घेतलं.

मी चिठ्ठ्या जशाच्या तशा ठेवल्या. रात्री जेवताना म्हटलं की गुडघा जिन्यात अडकतो, मागे एकदा दुसऱ्या मजल्यावर उभी राहिले होते. आबा म्हणाले, सव्वापाच मिनिटं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी ताटाकडे. मग मी विचारलं की मंगळवारी मी इथेच बसले आणि स्वयंपाक तुम्ही केलात तर चालेल का, मला बघायचंय. ते एवढंच म्हणाले की दोनशे ग्रॅम दोघांना कमी पडेल, चारशे घ्यावे लागतील, दोनदा लावू. नंतर उठून तराजूपाशी गेले आणि मी वेडीवाकडी ठेवलेली वजनं रांगेत लावायला लागले. या वेळी शेवटचं पन्नास ग्रॅमचं मीच त्यांच्या हातात दिलं. तुझ्या आईला फोन मीच केला, आबांना म्हटलं लावा स्पीकर. मी येते म्हटल्यावर पलीकडून तिचं नाक ओढल्याचा आवाज आला.

आता महिन्याचं मत, मागितलं होतं म्हणून देते. पाच माणसांच्या घरी रोजच्या स्वयंपाकाला एअर फ्रायर घेऊ नये, रांग लागते. कढईची चव त्याला नाही आणि शेगडीची जागा तो घेणार नाही. पण दोन माणसांच्या घरी, किंवा एका माणसाच्या घरी, ज्याचा हात कापतो आणि ज्याला ज्योतीपाशी सोडता येत नाही, तिथे घ्यावा. डोळे मिटून घ्यावा. माझा संशय फिटला असं मात्र समजू नकोस. लायटर मी कमरेला लावून दवाखान्यातच घेऊन जाणार आहे. भूल देताना काढायला लावला तर तुझ्या आईच्या हातात देईन, आबांच्या नाही.

एकवीस दिवस तू दर चार दिवसांनी आबांना पत्र लिही, लांब लिही, चष्म्याच्या गिऱ्हाइकांचं सगळं लिही. जेवताना ते एकटे असतील. मला नाही लिहिलंस तरी चालेल. नाही, मलाही लिही. तुझी माया मी तोलून घेतली आहे, पूर्ण भरते, ती तशीच भरत राहो.

तुझी आजी

ता. क. तुझे आईबाबा गुरुवारी, ता. ३ एप्रिलला, सकाळी आठला मशीन न्यायला येणार होते. येणार तेच आहेत, त्याच दिवशी, त्याच वेळी. मशीन इथेच राहील, नेतील ते मला.